टेलिफोन एक्स्चेंज डिजिटल झालं त्याची गोष्ट : नागपूरकडच्या आठवणी आणि थोडं तंत्र

धागाकर्ता : उणे_अठ्ठेचाळीस

मंडळी, नमस्कार.

गेल्या महिन्यात उमरेडच्या पुढे एका गावाला लग्नाला गेलो होतो. जेवणं झाल्यावर मांडवातून उठून ग्रामपंचायतीच्या मागची खोली बघायला मुद्दाम गेलो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी याच खोलीत आम्ही सी-डॉटचं (टेलिफोनची यंत्रं बनवणारी सरकारी संशोधन संस्था) १२८ पोर्टचं, म्हणजे १२८ लाईनी जोडता येतील असं, रॅक्स उभं केलं होतं. रॅक्स म्हणजे खेड्यासाठीचं लहान स्वयंचलित एक्स्चेंज. आता तिथे खताची पोती रचलेली आहेत. भिंतीतून बाहेर आलेली अर्थिंगची तांब्याची पट्टी तेवढी राहिली आहे, हिरवी पडलेली. सोबत पुतण्या होता. "काका, इथे काय होतं?" म्हणाला. सांगायला लागलो ते पार दिवेलागणीपर्यंत. त्याच्याच आग्रहावरून हा धागा काढतोय.

मी १९८० साली नागपुरात टेक्निशियन म्हणून लागलो आणि अडतीस वर्षं स्विचिंगमध्येच, म्हणजे फोन फोनला जोडणाऱ्या यंत्रांवरच, काढली. आधी स्ट्रोजर, मग सी-डॉट, शेवटी मोठी विदेशी एक्स्चेंजेस. सी-डॉटचा विषय निघाला की लोक 'स्वदेशी' या शब्दापाशी थांबतात. मला त्या यंत्राचं मोठेपण वेगळ्या जागी दिसलं. आमच्या हातात तोवर आलेल्या यंत्रांपैकी आपलं ऊन, आपली धूळ आणि आपली वीज डोळ्यांसमोर ठेवून बनवलेलं असं ते पहिलंच होतं. हे ज्याने मे महिन्यात त्याच्याशेजारी उभं राहून काम केलं त्यालाच कळतं, म्हणून लिहून ठेवतो.

आधी स्ट्रोजर. अमेरिकेत कॅन्सस सिटीला आल्मन स्ट्रोजर नावाचा माणूस होता, धंदा अंत्यविधीच्या व्यवस्थेचा. आपल्याला येणारे फोन ऑपरेटरबाई प्रतिस्पर्ध्याकडे वळवते असा त्याला संशय होता, म्हणून ऑपरेटरशिवाय चालेल असं यंत्र त्याने काढलं, ही गोष्ट आमच्या ट्रेनिंगला पहिल्याच दिवशी सांगत. पेटंट १८९१ चं, पहिलं एक्स्चेंज १८९२ मध्ये इंडियाना राज्यात ला पोर्ट गावी. आपल्याकडे पहिलं स्वयंचलित एक्स्चेंज सिमल्याला १९१३-१४ मध्ये आलं. पुढे बंगळूरच्या आयटीआयमध्ये स्ट्रोजर बनू लागलं. ही आयटीआय म्हणजे १९४८ ची इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, आपली औद्योगिक प्रशिक्षणवाली नव्हे.

डायलवर ४ फिरवून सोडला की डायल परत येताना लाईन चार वेळा तुटते आणि जुळते, सेकंदाला दहा या वेगाने. तेवढे झटके खाऊन सिलेक्टरचा दांडा चार पायऱ्या चढतो आणि मग आडवा फिरत पुढची मोकळी वाट शोधतो. पुढचा आकडा पुढच्या सिलेक्टरला. फायनल सिलेक्टर मात्र शेवटचे दोन्ही आकडे एकटा घेतो, एकाने चढतो, दुसऱ्याने फिरतो. दहा मजले, मजल्याला दहा घरं, झाले शंभर नंबर. रात्रपाळीला एखादाच कॉल चालू असायचा तेव्हा तो कोणत्या रांगेतून कुठे चाललाय हे डोळे मिटून सांगता यायचं. दिवाळीच्या सकाळी त्याच हॉलमध्ये टिनावर गारा पडल्यासारखा आवाज.

मीटरही यांत्रिक. प्रत्येक ग्राहकाचा बोटभर मीटर, असे शेकडो एका चौकटीत, आणि ठरलेल्या तारखेला त्यांचे फोटो काढून त्यावरून बिल. भांडण आलं तर दाखवायला तेवढा फोटो. कोणाला लावला, किती वेळ बोलला, याची नोंदच नव्हती.

मध्ये क्रॉसबार येऊन गेलं. बेल्जियमचं पेंटाकाँटा तंत्र घेऊन आयटीआयने साठच्या दशकात ते बनवायला घेतलं. युरोपात घरोघरी फोन, त्यामुळे एकेका फोनवर कॉल थोडे. आपल्याकडे एक फोन अख्ख्या आळीचा! गर्दीच्या तासाला ते यंत्र गुदमरायचं. आपल्या इंजिनिअरांनी पुढे त्यात पुष्कळ दुरुस्त्या केल्या, पण नाव खराब व्हायचं ते झालंच. बाहेरचं यंत्र बाहेरच्या सवयींवर बेतलेलं असतं, हे टेलिफोन खात्याला तेव्हा चांगलं समजलं.

डिजिटलची मूळ कल्पना मात्र या सगळ्याच्या आधीची. १९३७ मध्ये पॅरिसला काम करणाऱ्या अ‍ॅलेक रीव्ह्ज या इंग्रज इंजिनिअरला ती सुचली. आवाजाची लाट सेकंदाला ८००० वेळा मोजायची आणि प्रत्येक माप आकड्यात लिहून पाठवायचं. (८००० हा आकडा आणि ८ बिटचं माप हे नंतरचं प्रमाण.) व्हॉल्व्हच्या जमान्यात ते परवडण्यासारखं नव्हतं. चिपा आल्या तेव्हा दिवस पालटले. १९७० मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी भागात ई-१० सुरू झालं, १९७६ मध्ये शिकागोला ४-ईएसएस. त्याच ई-१० ची पुढची आवृत्ती ई-१०बी आपण फ्रान्सकडून घेतली आणि उत्तर प्रदेशात गोंडा जिल्ह्यातल्या मनकापूरला तिचा कारखाना उभा केला.

आणि ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट. मुदत ३६ महिने, पैसे ३६ कोटी. दिल्लीला अकबर हॉटेलच्या इमारतीत आणि बंगळुरात स्नेहा कॉम्प्लेक्समध्ये विशी-पंचविशीतली पोरं कामाला लागली. सी-डॉट उभं करणाऱ्या सॅम पित्रोदांचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं आणि ते योग्यच आहे, पण जी. बी. मीमांसी आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले एम. व्ही. पिटके यांची नावं त्याच दमात घ्यायला हवीत. पिटक्यांचा गट त्याआधीच सैन्यासाठी इलेक्ट्रॉनिक स्विचिंगवर काम करत होता, आणि खात्याच्या संशोधन केंद्रातही प्रयोग चालू होते. जमीन नांगरून ठेवलेली होती. जुलै १९८६ मध्ये राणी चन्नम्माच्या कित्तूरला पहिलं रॅक्स लागलं.

आता आमचं गाव. मे महिना. खोलीवर कवेलू, खिडकीला वाळ्याची ताटी, आणि पंचायतीचा शिपाई दर अर्ध्या तासाने तिच्यावर बादलीभर पाणी मारतोय. आत छातीएवढ्या उंचीचं कपाट, त्यात हिरवी कार्डं, बाजूला बॅटरी. एवढंच एक्स्चेंज. स्ट्रोजरला एवढ्या लाईनींसाठी रॅकच्या रांगा लागल्या असत्या. एसी नाही. तो लागू नये अशीच त्याची रचना होती, वीज कमी खायची आणि तापलेली हवा आपोआप वर निघून जायची. लाईट गेली (दिवसातून चार वेळा जायची) तरी बॅटरीवर चालू. मी हात लावून बघितला, पत्रा तापला होता, कार्डं ठीक होती.

लाईन जोडून पहिली टेस्ट घेतली तेव्हा खिडकीत गावची पोरं लटकलेली. आमची पद्धत अशी की एकाने एक ते दहा मोजायचं आणि पलीकडच्याने आवाज कसा येतो ते सांगायचं. मी मोजायला लागलो तशी पोरंही मोजायला लागली. नागपूरच्या टोकाला बसलेला आमचा सहकारी म्हणाला, "शाळेतून बोलून राहिला का रे?" इतकं स्पष्ट ऐकू जात होतं की मागे वीस पोरं आहेत हे त्याला कळलं. बाहेरगावच्या ट्रंक लाईनवर आयुष्यभर ओरडून बोललेल्या माणसाला हे काय वाटलं असेल ते मला नीट सांगता येत नाही.

पहिल्याच पावसाळ्यात दणका बसला. विजा झाल्या आणि सात कार्डं गेली. यंत्राचा दोष नव्हता. अर्थिंगचा खड्डा ज्याने खणला होता त्याने कोळसा-मीठ न भरताच माती लोटून दिली होती आणि कागदावर सही झाली होती. कोणाची ते राहू द्या. मी नागपूरहून नवीन कार्डं मांडीवर घेऊन एसटीने गेलो, घरच्या चांदीच्या कागदात गुंडाळून. खड्डा परत खणला, तीन दिवस त्यात पाणी ओतलं. भिंतीवर आज दिसते ती पट्टी त्या वेळची.

पुढचं विचाराल तसं लिहीन.

काटोलकर

काका, मनापासून लिहिलं तुम्ही. आमच्या गावात रॅक्स लागलं तेव्हा मी सातवीत होतो.

संत्र्याचा भाव हा आमच्या घरातला मोठा प्रश्न. त्याआधी बाबा काटोलला जाऊन ट्रंक कॉल बुक करून दिवसभर बसून राहात. नागपूरच्या दलालाने सांगितला तो भाव, दुसरं काही ताडून बघायला नाही. फोन आल्यावर त्यांनी एकाच संध्याकाळी नागपूर आणि दिल्ली दोन्हीकडे विचारलं. त्या वर्षी बाग दलालाला न देता तीन शेतकऱ्यांनी मिळून ट्रक केला. बाबा गेले आता, पण ती वही आहे, डाव्या पानावर नागपूर, उजव्या पानावर दिल्ली.

एक विचारायचं होतं. तुमचं नाव 'उणे अठ्ठेचाळीस' काऊन?

उणे_अठ्ठेचाळीस

काटोलकर भाऊ, ती वही जपा. आमच्या कामाची खरी नोंद त्या वहीत आहे.

एक्स्चेंजची बॅटरी ४८ व्होल्टची असते. माणसाला जीवघेणा धक्का बसणार नाही एवढी कमी आणि काही किलोमीटर तांब्याच्या तारेतून फोनपर्यंत पोचेल एवढी जास्त. तिचं धन टोक जमिनीला जोडतात, म्हणून लाईनवर उणे ४८. उलटं केलं तर ओल लागलेल्या केबलमध्ये तांबं झिजत जातं. शंभर वर्षांपूर्वी ठरलेली गोष्ट. स्ट्रोजर गेलं, क्रॉसबार गेलं, डिजिटल आलं, पण हे उणे ४८ तसंच राहिलं.

मीनल_धरमपेठ

काका, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, सध्या पुण्यात. बिट, बाइट समजतात. तरी एक गोष्ट डोक्यात बसत नाही. स्ट्रोजरमध्ये दोन फोनांच्या तारा शेवटी एकमेकींना जोडल्या जातात हे दिसतं. डिजिटलमध्ये काहीच हलत नाही, मग 'जोडणं' नेमकं कुठे होतं?

उणे_अठ्ठेचाळीस

मीनल, फार चांगला प्रश्न. मीही ट्रेनिंगमध्ये याच ठिकाणी दोन दिवस अडलो होतो.

आपल्या स्टेशनाजवळचं डायमंड क्रॉसिंग बघितलं असशील. रूळ रुळाला प्रत्यक्ष छेदतो. स्ट्रोजर तसं आहे. तू आणि तुझी मैत्रीण बोलत असाल तोवर तुमच्या दोघींसाठी एक अख्खी तांब्याची वाट अडकून पडते, दुसरा कोणी तिच्यावर येऊ शकत नाही.

डिजिटलमध्ये रूळ एकच घे. त्यावरून सेकंदाला ८००० गाड्या जातात. प्रत्येक गाडीला ३२ डबे, प्रत्येक डब्यात ८ बिट, म्हणजे एका माणसाच्या आवाजाचं एक माप. गुणाकार कर, सेकंदाला २०,४८,००० बिट. बाहेरगावच्या लाईनीवर ० नंबरचा डबा गार्डाचा, गाडी कुठून सुरू झाली ते ओळखायला. १६ नंबरचा डबा निरोपांचा, कोणी फोन उचलला, कोणी ठेवला यासाठी. उरलेले ३० डबे बोलणाऱ्यांचे.

समज तू ५ नंबरच्या डब्यात आहेस आणि मैत्रीण १९ मध्ये. गाडी एक्स्चेंजमध्ये आली की सगळ्यांना फलाटावर उतरवतात, म्हणजे मेमरीत लिहितात. पुढच्या गाडीत चढवताना ५ वाल्याला १९ मध्ये बसवतात आणि १९ वाल्याला ५ मध्ये. झाली जोडणी! याला टाइम स्विच म्हणतात. कोणाला कुठल्या डब्यात बसवायचं याची यादी प्रोसेसर लिहितो. फोन ठेवला की यादीतली ओळ पुसली, डबा दुसऱ्याला मोकळा. दोन गाड्यांमध्ये अंतर १२५ मायक्रोसेकंदांचं, त्यामुळे कानाला सलग आवाज येतो.

सी-डॉटची मांडणी याच हिशेबाने होती. एका लाईन कार्डावर ८ ग्राहक, अशी चार कार्डं मिळून ३२ डब्यांची एक गाडी. सोळा कार्डांचा एक खण, म्हणजे १२८ पोर्ट. असे चार खण, त्यांच्याखाली टाइम स्विचचा आणि प्रोसेसरचा एकेक खण, मिळून ५१२ पोर्टचं एक बेस मोड्यूल. लहान गावाला एक मोड्यूल पुरे. मोठ्या शहराला अशी अनेक मोड्यूलं मध्यवर्ती स्विचने जोडायची, ते मॅक्स. ४०,००० लाईनींपर्यंत जायचं. कळीचं प्रत्येक कार्ड जोडीने असायचं, कॉपी ० आणि कॉपी १, एक काम करते आणि दुसरी तयार उभी. चालू कॉल न तोडता एकीवरून दुसरीवर नेणं हे मला आजही सुंदर वाटतं. आणि खेड्यातल्या रॅक्सचं लाईन कार्ड हातात धरलेला माणूस शहरातल्या मॅक्ससमोर उभा केला तरी गोंधळत नसे, घराणं एकच.

मीनल_धरमपेठ

आज पहिल्यांदा समजलं. फलाटाचं कधी विसरणार नाही. प्रोग्रॅम कशात लिहिलेला होता?

उणे_अठ्ठेचाळीस

बराचसा सी मध्ये आणि चिल नावाच्या भाषेत. चिल ही टेलिफोन स्विचिंगसाठीच आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरवलेली भाषा. मॅक्समधला प्रोसेसर मोटोरोलाच्या ६८००० घराण्यातला. पहिल्या मॅकिंटॉश संगणकात होता त्याच घराण्यातला.

ट्रंकताई

मी वाचतच असते, क्वचित लिहिते. आज राहवलं नाही.

मी नागपुरात ट्रंक बोर्डावर होते. नागपूर मध्यावर, त्यामुळे उत्तरेकडचे दक्षिणेला जाणारे कॉल आम्ही पुढे जोडून द्यायचो. समोर जॅकांची भिंत, हातात कॉर्डांच्या जोड्या, कानाला हेडसेट. प्रत्येक कॉलचं एक तिकीट, त्यावर पेन्सिलीने वेळ. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग. पीपी म्हणजे ठराविक माणूसच फोनवर आला पाहिजे, तोवर मिनिटं मोजायची नाहीत. तीन मिनिटं झाली की मध्ये बोलायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?"

उणे_अठ्ठेचाळीस भाऊ, तुम्ही यंत्राचं प्रेमाने लिहिलंत, तर आमची बाजूही इथे असावी. एसटीडी, म्हणजे ऑपरेटरशिवाय थेट बाहेरगावी फोन, वाढलं तसे बोर्ड रिकामे होत गेले. एके दिवशी पाळीला आले तर आमच्या रांगेतली निम्मी स्टुलं उचलून भिंतीला लावलेली. नोकऱ्या गेल्या नाहीत, दुसरीकडे घेतलं. मला बिलाच्या खिडकीवर बसवलं. पण जे हाताला येत होतं ते कुठे लागेना. एका हाताने कॉर्ड ओढून दुसऱ्या हाताने तिकिटावर वेळ टाकणं, आणि पलीकडची मद्रासची ऑपरेटर आवाजावरून ओळखणं. तिला मी कधी बघितलं नाही. निरोपसुद्धा घेता आला नाही.

आणि लोक रडायचे हो लाईनवर. मृत्यूचा निरोप द्यायचा असला की मी तीन मिनिटांची आठवण थोडी उशिरा करायची.

उणे_अठ्ठेचाळीस

ताई, हे तुम्ही लिहिलंत म्हणून धागा पुरा झाला असं वाटलं. स्ट्रोजरने ऑपरेटर हटवायला यंत्र काढलं ही गोष्ट आम्हाला हसत हसत शिकवली जायची, आणि त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर तुम्ही बसलेल्या असायच्या. आम्ही तेव्हा याचा विचार केला नाही. माफ करा.

ओसीबीवाला

लेख चांगला आहे, पण काही मुद्द्यांवर वेगळं मत नोंदवतो. मी नव्वदच्या दशकात फ्रेंच बनावटीच्या ओसीबी-२८३ वर काम केलं आहे, नागपूर पहिल्या श्रेणीचं ट्रंक ऑटोमॅटिक एक्स्चेंज (बाहेरगावचे कॉल आपोआप पुढे जोडणारं) असण्याच्या काळात.

एक, ३६ महिन्यांत मोठं एक्स्चेंज देण्याचं ठरलं होतं. १९८७ च्या ऑगस्टला लहान एक्स्चेंजेस तयार होती, मोठं मॅक्स नव्हतं. बंगळूरला अलसूरची चाचणी त्यानंतरची. दोन, शहरांतली प्रतीक्षायादी संपवली ती ईडब्ल्यूएसडी, एएक्सई, ५-ईएसएस, ओसीबी या मोठ्या विदेशी एक्स्चेंजेसनीच. लाखभर लाईनी एका छताखाली घ्यायच्या तर तेव्हा सी-डॉट पुरं पडत नव्हतं. तीन, खेड्यात एक्स्चेंज चांगलं असून काय, ते नागपूरला जोडणारी लाईनच बंद असायची. खांबावरच्या उघड्या तारा चोरीला जायच्या, आणि पुढे आलेल्या ग्रामीण रेडिओ यंत्रणेचा अनुभव किती वाईट होता हे तुम्हालाही माहीत आहे.

उणे_अठ्ठेचाळीस

तिन्ही मुद्दे खरे आहेत, आणि तिसरा तर मला सगळ्यात जास्त सलतो. त्या ग्रामीण रेडिओची, म्हणजे एमएआरआरची, बॅटरी बदलायला मी सायकलवर गेलेलो आहे. आत रॅक्स ठणठणीत, गावातल्या गावात फोन लागतोय, आणि नागपूर नाही. गावाला नागपूर नसेल तर फोनाचं काय करायचं!

पहिल्याबद्दल एवढंच म्हणतो. मॅक्सला उशीर झाला, पण ते आलं आणि तालुक्यातालुक्यात वर्षानुवर्षं चाललं. १९९० च्या सुमाराला पित्रोदा आणि तेव्हाचे मंत्री उन्नीकृष्णन यांच्यात जाहीर वाद झाला, चौकशी समिती बसली. तेव्हा आम्ही खेड्यांत रॅक्स बसवतच होतो. पेपरात एक वाचायचो आणि हाताखाली दुसरं बघायचो, त्याचा त्रास व्हायचा.

दुसऱ्याबद्दल. ओसीबी उत्तम यंत्र होतं, मी स्वतः त्यावर शेवटची दहा वर्षं काढली. त्याचा हॉल मात्र बघा. खोटी फरशी, दुहेरी दार, चोवीस तास एसी, एसीला जनरेटर. सिव्हिल लाईन्सला ते जमतं. भिवापूर-कुहीकडच्या पंचायतीच्या खोलीत जमलं नसतं. मला वाटतं मोठ्या कंपन्यांशी भाव करताना घरचं यंत्र हाताशी आहे याचाही देशाला उपयोग झाला. सी-डॉटने तंत्र एकाच कारखान्याकडे न ठेवता सरकारी आणि खासगी अनेक उत्पादकांना दिलं, ही मला त्यांच्या निर्णयांतली सगळ्यात दूरदृष्टीची गोष्ट वाटते. कार्डं मिळत राहिली.

ओसीबीवाला

एसीचं मान्य. एका उन्हाळ्यात आमचे दोन्ही एसी एकदम गेले होते. बर्फाच्या लाद्या आणून हॉलमध्ये ठेवल्या आणि पंखे लावले. त्या रात्री कोणी घरी गेलं नाही.

जुना_महालकर

आमच्या घरचा अर्ज मी चौथीत असताना भरला आणि फोन आला तेव्हा मी बी.कॉम. करत होतो. अधूनमधून आई कागद घेऊन एका खिडकीवर जायची, "साहेब जेवायला गेले" ऐकून परत यायची. तो राग अजून आहे.

पण फोन आला तो थेट डिजिटल एक्स्चेंजचा. लाल पुशबटणवाला. पहिल्या बिलासोबत एसटीडीचे सगळे नंबर छापून आले आणि मोठ्या भावाचे रोजचे भुसावळचे कॉल बाबांनी वाचले. त्या बिलामुळे आमच्या घरात एक लग्न ठरलं. वहिनी भुसावळच्या.

उणे_अठ्ठेचाळीस

वहिनींना नमस्कार सांगा! स्ट्रोजरच्या फोटोत हे दिसलं नसतं. डिजिटलमध्ये प्रत्येक दूरच्या कॉलची ओळ लिहिली जाते, कोणी, कोणाला, कधी, किती सेकंद, आणि तीच ओळ बिलावर येते.

राग समजतो. त्या खिडकीच्या मागच्या बाजूला आम्हीही असायचो. केबलची जोडी शिल्लक नाही, पोर्ट शिल्लक नाही, हे खरं कारण बऱ्याचदा असायचं. पण समोर आलेल्या बाईला ते नीट बसवून सांगायला काही लागत नव्हतं.

काटोलकर

काका, आता ही सगळी यंत्रं कुठे गेली?

उणे_अठ्ठेचाळीस

२००० च्या ऑक्टोबरात खात्याचं बीएसएनएल झालं. त्यानंतर मोबाइल घरोघरी पोचला आणि लोकांनी लँडलाईन सोडल्या. पाकिटांतून आवाज नेणारी नवी एक्स्चेंजेस आली, तांब्याच्या जागी फायबर आलं. २०२० च्या जानेवारीत स्वेच्छानिवृत्तीने सुमारे ७८ हजार माणसं एका दिवशी बाहेर पडली. रॅक्स ओळखणारे हात त्यांच्यासोबत गेले. यंत्रं वजनावर गेली. सी-डॉट आहे. बीएसएनएलच्या ४जी साठीचा कोअर, म्हणजे मधली मुख्य यंत्रणा, त्यांचाच आहे, हे वाचलं तेव्हा मला आमची कवेलूची खोली आठवली.

इतवारी_किराणा

बाबांचा इतवारीत पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ होता. रात्री दर उतरले की बाहेर रांग लागायची, मिलिटरीवाले, हॉस्टेलचे पोट्टे, सगळे. आता त्याच जागेत किराणा आहे.

काका, एक मदत पाहिजे. मागे शनिवारीत भंगाराच्या ढिगात एक हिरवं कार्ड दिसलं, साधारण हातभर लांब, कडेला लांबलचक कनेक्टर. त्यावर सी-डॉट छापलेलं आहे म्हणून ऐंशी रुपयांना उचललं. एकासारखं एक असे आठ तुकडे ओळीने आहेत. हे काय आहे?

उणे_अठ्ठेचाळीस

आठ सारखे तुकडे म्हणजे लाईन कार्डच असणार! एकेक तुकडा एकेका घराचा फोन. लाईनला वीज देणं, घंटी वाजवणं, रिसीव्हर उचलला का ते बघणं, विजेपासून वाचवणं आणि आवाजाचे आकडे करणं, हे सगळं त्या बोटभर जागेत.

साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका. चांदीच्या कागदात गुंडाळा. कनेक्टरला हात लावू नका, घामाने खराब होतो. रविवारी सकाळी दुकानावर येतो, मल्टिमीटर आणतो. डायल टोन येणार नाही, ती देणारी बाकीची कार्डं सोबत नाहीत. पण कोणता तुकडा जिवंत आहे ते तरी बघू.

ट्रंकताई

माझ्याकडे बोर्डावरचा हेडसेट आहे. मीही येते.

काटोलकर

उणे ४८ साठी बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या लागतील ना? फवारणी पंपाच्या दोन घरी आहेत, दोन शेजारून मागतो. आणि वही आणतो.